वैमानिकांची उजळणी आणि परीक्षेचे दडपण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की गोव्यातल्या मोपा किंवा दाबोळी विमानतळावर उतरता उतरता विमान पुन्हा आकाशात गेल्याच्या बातम्या येऊ लागतात आणि त्यांच्या मथळ्यांत 'थोडक्यात बचावले' असे शब्द हमखास असतात. वैमानिकांच्या प्रशिक्षणात आयुष्याची बरीच वर्षे घालवल्यामुळे या बातम्या वाचून मला वाईट वाटते. विमान योग्य वेगात, योग्य उंचीवर आणि धावपट्टीच्या रेषेत स्थिरावलेले नसेल, तर उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जाणे, ज्याला गो-अराउंड म्हणतात, हे वैमानिकाचे कर्तव्यच आहे आणि सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच उड्डाणाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या यंत्रात, ते त्याच्याकडून वारंवार करून घेतले जाते. तरीही, फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासानुसार, अस्थिर अवस्थेत धावपट्टीकडे येणाऱ्या विमानांपैकी जेमतेम ३ टक्के विमाने पुन्हा वर जातात. उरलेली तशीच उतरतात, बहुतेक वेळा सुखरूप उतरतात, आणि म्हणूनच ही सवय मोडत नाही.

२२ मे २०१० रोजी मंगळूरला १५८ जणांचा बळी घेणाऱ्या अपघाताच्या चौकशीत असे आढळले की, सहवैमानिकाने तीन वेळा गो-अराउंड सुचवूनही कॅप्टनने उतरण्याचा हट्ट सोडला नव्हता. ७ ऑगस्ट २०२० रोजी भर पावसात कोझिकोडला झालेल्या अपघातात २१ जणांचे प्राण गेले. त्याच्याही अहवालात अस्थिर अवस्थेत उतरणे, धावपट्टीवर फार पुढे टेकलेली चाके आणि दुसऱ्या वैमानिकाची न पाळलेली सूचना यांचा उल्लेख आहे. हे दोन्ही विमानतळ आपल्यासारखेच पश्चिम किनाऱ्यावरच्या पठारांवर आहेत आणि पाऊसही तोच आहे. दोन्ही कॅप्टन अनुभवी होते. पुन्हा वर कसे जायचे हे त्यांना ठाऊक नव्हते असे कोणीही म्हणणार नाही.

मग सिम्युलेटरमधले शिक्षण कॉकपिटपर्यंत पोहोचत का नाही? माझ्या अनुभवानुसार याचे कारण वैमानिकांच्या सिम्युलेटरकडे पाहण्याच्या दृष्टीत आहे, आणि ती दृष्टी त्यांच्यात व्यवस्थेनेच रुजवलेली आहे. वर्षातून दोनदा त्यांची तिथे चाचणी होते आणि पुढचे सहा महिने उड्डाण करता येईल की नाही हे तीवर ठरते. गोव्यात राहणारा वैमानिक हैदराबाद, बेंगळुरू किंवा दिल्ली परिसरात जातो, पुष्कळदा मध्यरात्रीनंतरच्या सत्रात बसतो, आणि उड्डाणाच्या नेमक्या कोणत्या क्षणी इंजिन निकामी होणार हे त्याला साधारण आधीच माहीत असते. कोणता परीक्षक काय विचारतो याची टिपणे मित्रमंडळींत फिरत असतात. अशा वेळी माणूस उत्तीर्ण होण्यापुरते पाठ करतो. जे आपल्याला नीट जमत नाही ते मुद्दाम करून पाहण्याची, चुकण्याची आणि पुन्हा करण्याची मोकळीक त्याला मिळत नाही. वास्तविक, जीव धोक्यात न घालता चुकता यावे यासाठीच तर हे यंत्र आहे! नासाच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १८ अनुभवी वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये बसवले होते. ठरावीक पद्धतीने दिलेले प्रसंग त्यांनी उत्तम हाताळले, पण तेच प्रसंग अनपेक्षितपणे समोर आले तेव्हा त्यांचे प्रतिसाद उशिरा आणि विस्कळीत आले.

याच्या उलट उदाहरणही आहे आणि मला ते फार मोलाचे वाटते. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे द्रवाच्या दाबाने विमान वळवणाऱ्या यंत्रणा, हवेतच बंद पडल्या. त्या विमानात डेनिस फिच नावाचे एक प्रशिक्षक-वैमानिक प्रवासी म्हणून बसले होते. १९८५ मध्ये जपान एअरलाइन्सचे विमान अशाच बिघाडामुळे कोसळले होते. त्यानंतर फिच यांनी केवळ इंजिनांचा जोर कमीअधिक करून विमान वळवण्याचा सराव आपणहून सिम्युलेटरमध्ये केला होता. कोणत्याही चाचणीत हा प्रश्न येणार नव्हता. त्या दिवशी इंजिनांचे दांडे त्यांनी हाती घेतले, कॅप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना साथ दिली, आणि २९६ पैकी १८४ माणसे वाचली.

गोव्यातल्या अनेक घरांना तारवटींचे, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्यांचे, उजळणी अभ्यासक्रम परिचयाचे आहेत. दर पाच वर्षांनी सुरक्षेचे धडे पुन्हा गिरवावे लागतात आणि तिथेही प्रमाणपत्रापुरते शिकण्याची वृत्ती दिसते. विमानात मात्र हाताशी काही सेकंदच असतात.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने पावसाळी उड्डाणांसाठी प्रशिक्षणाचे वेगळे नियम केलेले आहेत, हे योग्यच आहे. माझी मागणी एवढीच आहे की, प्रत्येक वैमानिकाच्या वार्षिक सिम्युलेटर-तासांपैकी निश्चित हिस्सा गुण, शेरा किंवा परवान्याची टांगती तलवार न ठेवता, केवळ शिकण्यासाठी राखून ठेवावा. त्यातले प्रसंग आधी कळवू नयेत. आणि कनिष्ठ सहवैमानिकाने 'गो-अराउंड' म्हणताच कॅप्टनने वाद न घालता विमान वर नेण्याचा सराव त्यात दोघांकडून, विशेषतः सर्वांत ज्येष्ठ कॅप्टनांकडून, करून घ्यावा. या तासांचा खर्च कंपन्यांना नको वाटेल, म्हणून तो त्यांच्या मर्जीवर सोडता कामा नये.

आपला,
एक निवृत्त प्रशिक्षक
चिखली, वास्को