स्ट्रॅटोस्फिअर कशाला, स्थितांबर आहे ना!

संपादक महोदय,

ओझोनच्या थराविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. माहिती चोख, पण ओझोन ज्यात असतो त्या वातावरणाच्या थराला 'स्ट्रॅटोस्फिअर' सात वेळा म्हटलंय आणि 'स्थितांबर' हे त्याचं मराठी नाव एकदाही नाही!

मी निवृत्त भूगोल शिक्षक. सध्या पुण्यात जपानी शिकतो आहे. जुनी खोड, म्हणून वातावरणाच्या थरांची नावं आधी पाहिली, खालून वर: ताइर्यूकेन (आपलं तपांबर), सेइसोकेन (स्थितांबर), च्यूकानकेन, नेत्सुकेन, गाइकिकेन. शेवटचा 'केन' म्हणजे आवाका, परिघ. मोबाइलची रेंज गेली की जपानी फोनवर 'केनगाई' दिसतं, म्हणजे आवाक्याबाहेर. त्यातलाही 'केन' हाच. तिथल्या मुलांना हा शब्द परका वाटत नाही, तो यामुळे.

आपलं 'अंबर' काय कमी आहे? अंबर म्हणजे आकाश आणि वस्त्रही. पृथ्वीने एकावर एक पांघरलेल्या हवेला याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही. 'सेइसो' म्हणजे थर रचले जाणं. ओझोन अतिनील किरणं शोषतो, त्यामुळे स्थितांबरात वर जावं तसं तापमान वाढतं. खालची गार हवा वर चढत नाही. आपला 'स्थित' हेच सांगतो. हिंदीतला 'समतापमंडल' मात्र चक्क फसवतो.

एका ठिकाणी जपानी सरस आहे, हेही कबूल करतो. 'ताइर्यू' म्हणजे अभिसरण. ढग-पाऊस घडवणारी हवेची उलथापालथ त्या नावातच आली. आपल्या 'तपांबर'मुळे मुलं हाच सर्वांत तापलेला थर समजत. खरा तापलेला नेत्सुकेन, ८० किलोमीटरच्याही वर. गंमत म्हणजे अंगात ताप आला तरी जपानीत 'नेत्सु'च म्हणतात, अगदी आपल्यासारखं.

जपानी लोक भाषेबाबत सोवळे आहेत असंही नाही. ओइशी वासाबुरो या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात जपानमधल्या तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून उंचावरचे वेगवान वारे मोजले. जगाने वाचावं म्हणून १९२६ साली निष्कर्ष एस्परान्तो या जगासाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापले; जगाने ते फारसे वाचलेच नाहीत. आज त्या वाऱ्यांना जपानीत 'जेट्टो किर्यू' म्हणतात, अर्धा शब्द इंग्रजी! ओझोनच्या थरालाही 'ओझोनसो'.

तेव्हा ओझोन ओझोनच राहू द्या. पण पुढच्या लेखात स्थितांबर छापा, आणि हवं तर स्ट्रॅटोस्फिअर कंसात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पुणे