शोधचौकटीतली गंमत मुलांना शोधू द्या

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गूगलच्या शोधचौकटीत काही ठरावीक इंग्रजी शब्द लिहिले की उत्तरांबरोबर एखादी दडवून ठेवलेली गंमत समोर येते, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. ‘डू अ बॅरल रोल’ असे लिहिले की सगळे पान स्वतःभोवती एक गिरकी घेते, ‘अस्क्यू’ लिहिले की पान भिंतीवरच्या कलत्या तसबिरीसारखे तिरके होते, आणि दिवाळी किंवा होळी शोधली की पडद्यावर पणत्या उजळवता येतात किंवा रंगाच्या वाटीवर बोट ठेवून पान रंगवता येते. अशा गमतींच्या याद्या वर्तमानपत्रांच्या मुलांच्या पानांवर अधूनमधून छापून येतात आणि त्याहून जास्त मोबाइलवरून फिरत असतात. त्या याद्या ज्या पद्धतीने दिल्या जातात, त्याविषयी मला काही सांगायचे आहे. यादीत शब्द असतो, तो लिहिल्यावर काय होते तेही असते. मात्र ते तसे का होते आणि त्या गमतीच्या पोटात कोणती कल्पना आहे, याबद्दल बहुधा एक ओळही नसते. त्यामुळे मुलांच्या हाती टरफल येते आणि दाणा तसाच राहून जातो.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवत असे. निवृत्तीनंतर शनिवारी सकाळी आमच्या भागातील एका शाळेच्या संगणक कक्षात मुलांबरोबर बसते. एका शनिवारी सातवीच्या एका मुलाने अशीच एक यादी आणली होती. पान गिरकी घेऊ लागले तेव्हा वर्गात एकच गलका झाला, सगळ्यांनी आपापल्या संगणकावर ते करून पाहिले, आणि पाच मिनिटांच्या आत यादी संपून मुले ‘आता काय?’ म्हणून माझ्याकडे पाहू लागली. पुढच्या शनिवारी मी फळ्यावर एकच इंग्रजी शब्द लिहिला, ‘रिकर्शन’, आणि काय होईल ते सांगितले नाही. शब्द शोधल्यावर वरच्या बाजूला गूगल विचारते, ‘तुम्हाला रिकर्शन म्हणायचे होते का?’ एका मुलीला वाटले की आपलेच स्पेलिंग चुकले असावे. तिने फळ्यावरचा शब्द एकेक अक्षर लावून तपासला, मग त्या दुव्यावर टिचकी मारली. पुन्हा तेच पान, पुन्हा तोच प्रश्न. दहा-अकरा वेळा असे झाल्यावर तिने माऊसवरचा हात उचलला आणि शेजारणीला म्हणाली, ‘अगं, हे संपणारच नाही!’ त्या क्षणी तिला पुनरावर्तन समजले होते. व्याख्या देण्याचे काम तेवढे माझ्याकडे उरले होते.

एखादी गोष्ट स्वतःच्याच आधाराने सांगणे म्हणजे पुनरावर्तन. केस कापायच्या दुकानात समोरासमोर लावलेल्या दोन आरशांत आपली प्रतिमा आत आत जात राहते, ते मुलांनी पाहिलेले असतेच. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये मात्र कुठेतरी थांबण्याची अट घालावी लागते, नाहीतर प्रोग्रॅम त्या मुलीसारखा फिरत राहतो. गूगलच्या त्या दुव्याला अशी अट नाही, आणि सगळी गंमत त्यातच आहे. ही एक गोष्ट सांगून झाल्यावर मुलांनी आपण होऊन घातांक आणि क्रमगुणित यांची उदाहरणे काढली. पाचाचे क्रमगुणित म्हणजे पाच गुणिले चाराचे क्रमगुणित, आणि एकावर आलो की थांबायचे, हे एका मुलाने फळ्यावर येऊन लिहिले.

‘अ‍ॅनाग्रॅम’ हा शब्द शोधला तर गूगल विचारते, ‘तुम्हाला नॅग अ रॅम म्हणायचे होते का?’ शब्दशः पाहिले तर याचा अर्थ ‘मेंढ्याच्या मागे भुणभुण लावणे’ असा काहीतरी विचित्र होतो. पण इंग्रजी अक्षरे मोजून पाहिली की तीन ‘ए’ आणि ‘एन’, ‘जी’, ‘आर’, ‘एम’ हीच सात अक्षरे दोन्हीकडे आहेत, फक्त त्यांचा क्रम बदलला आहे, हे लक्षात येते. शब्दाचा अर्थ त्या शब्दावरच करून दाखवलेला आहे. येथून मराठीकडे वळायला एक पाऊल पुरते. ‘कमल’चे ‘कलम’ होते, ‘गरम’चे ‘मगर’ होते. काना, मात्रा, वेलांट्या आल्या की खेळ अवघड होतो, आणि तो अवघड का होतो हे शोधताना आपली लिपी इंग्रजीहून वेगळ्या रीतीने बांधलेली आहे हे मुलांना उमगते. ‘ती होडी जाडी होती’ हे वाक्य उलटे वाचले तरी तेच राहते, ते अक्षरांनी राहते की वर्णांनी, यावर आमच्याकडे अर्धा तास वाद झाला. माझ्या चाळीस वर्षांच्या अनुभवात व्याकरणावर इतका उत्साही वाद मी ऐकलेला नाही.

मला स्वतःला सर्वांत जास्त आनंद ज्या गमतीने दिला, ती कोणत्याही यादीत धडपणे समजावलेली मी पाहिली नाही. ‘वन्स इन अ ब्लू मून’ हा इंग्रजी वाक्प्रचार आपण ‘कधी नव्हे ते’ म्हणतो त्या अर्थाने वापरला जातो. तो शोधचौकटीत लिहिला की गूगलचे गणकयंत्र उघडते आणि उत्तर देते : 1.16699016 गुणिले 10चा उणे आठवा घात, हर्ट्झ. म्हणजे दर सेकंदाला 0.0000000116699016 वेळा. याद्यांमध्ये हा आकडा ‘पाहा, किती विचित्र उत्तर’ एवढ्यावर सोडून दिलेला असतो. तो विचित्र नाही, काटेकोर आहे. एकाला त्या संख्येने भागले की सुमारे 8 कोटी 57 लाख सेकंद येतात. त्यांचे दिवस केले तर जवळजवळ 992, आणि वर्षे केली तर 2.715. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ब्लू मून म्हणतात, आणि असा योग सरासरीने इतक्या काळाने येतो.

आता पंचांग उघडावे. बारा चांद्रमास मिळून सुमारे 354 दिवस होतात आणि सौरवर्ष सुमारे 365 दिवसांचे असते, म्हणून दरवर्षी साधारण अकरा दिवसांची तूट पडते. ती साठत साठत एका चांद्रमासाएवढी झाली की आपल्याकडे अधिकमास धरतात. साडेएकोणतीस दिवसांच्या चांद्रमासाला या वार्षिक तुटीने भागले, आणि दोन्ही आकडे पुरेशा दशांशांपर्यंत घेतले, की उत्तर येते 2.715 वर्षे. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिकमास येतो असे घरातली वडीलधारी माणसे सांगत आली, तीच ही संख्या. एकोणीस वर्षांत सात अधिकमास येतात आणि एकोणीस वर्षांत सातच ब्लू मून येतात, कारण दोन्हींच्या मुळाशी चंद्र आणि सूर्य यांच्या चालीतला तोच फरक आहे. 2020 साली अधिक आश्विन आला आणि त्याच ऑक्टोबरात दोन पौर्णिमा झाल्या. 2023 साली अधिक श्रावण आला आणि त्या ऑगस्टमध्येही दोन पौर्णिमा होत्या. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारशांचे वाण देणाऱ्या घरातल्या मुलाला हे कळले, तर गूगलचा तो आकडा त्याला परका वाटणार नाही. हा हिशेब मी फळ्यावर मांडला तेव्हा शाळेचे शिपाईमामाही दारात थांबून राहिले होते आणि शेवटी त्यांनीच विचारले, ‘म्हणजे बाई, आपलं पंचांग बरोबर आहे ना?’

आणखी दोन-तीन गमती अशाच आतून भरलेल्या आहेत. संगणकावर ‘कॉनवेज गेम ऑफ लाइफ’ शोधले की पानाच्या एका बाजूला चौकटींची वसाहत हळूहळू पसरू लागते. जॉन कॉनवे या गणितज्ञाने मांडलेला हा खेळ 1970च्या ऑक्टोबरमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांच्या सदरातून जगाला कळला. त्याचे नियम वहीच्या एका कोपऱ्यात मावतात : जिवंत चौकटीला आठांपैकी दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर ती टिकते, नाहीतर मरते, रिकाम्या चौकटीभोवती नेमके तीन जिवंत शेजारी असतील तर तेथे जन्म होतो. आम्ही हा खेळ चौकटींच्या वहीवर चिंचोके मांडून खेळतो. तीन चिंचोके आडव्या ओळीत ठेवले तर टोकांच्या दोघांना एकेकच शेजारी असल्याने ते उचलावे लागतात, मधला टिकतो, आणि त्याच्या वर व खाली एकेक नवा चिंचोका येतो. आडवी ओळ उभी होते, पुढच्या खेपेला पुन्हा आडवी. एवढे हाताने केले की पडद्यावरची वसाहत पाहण्याची मुलांची नजरच बदलते.

‘ब्लेचली पार्क’ शोधले तर त्या ठिकाणाच्या माहितीच्या चौकटीत नावाची अक्षरे आधी विस्कटलेली दिसतात आणि मग एकेक करून जागेवर बसतात, कारण दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या या जागी शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडले जात. ‘पाणी’ला ‘चणीपा’ म्हणणाऱ्या, च-ची भाषा बोलणाऱ्या मुलांना संकेत कसा बांधतात आणि कसा फोडतात हे सांगायला फारसे कष्ट पडत नाहीत. ‘डार्ट मिशन’ शोधले की एक यान पानावर येऊन आदळते आणि पान कलते. 26 सप्टेंबर 2022 रोजी, म्हणजे आपल्याकडे 27 तारखेच्या पहाटे, नासाचे हे यान डायमॉर्फस नावाच्या सुमारे 160 मीटर रुंदीच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले होते आणि त्या धक्क्याने त्याच्या मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीचा त्याचा प्रदक्षिणाकाळ 11 तास 55 मिनिटांवरून 11 तास 23 मिनिटांवर आला.

अशा गोष्टींत मुलांचा वेळ वाया जातो, अशी हरकत माझ्या परिचयातले पालक घेतात आणि ती मी हलक्याने घेत नाही. 21 मे 2010 रोजी पॅकमॅन या खेळाला तीस वर्षे झाल्याबद्दल गूगलने आपल्या नावाच्या जागी तो खेळच ठेवला, तेव्हा रेस्क्यूटाइम या कंपनीने लोकांचे सुमारे 48 लाख तास त्यात गेल्याचा अंदाज मांडला होता. नुसता खेळ आणि गिरकी घेणारे पान यांच्यात शिकण्यासारखे फारसे नाही, हे मलाही मान्य आहे. दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल 97 या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये विमान उडवण्याचा एक खेळ दडवलेला होता. पुढे त्या कंपनीने असे प्रकार बंद केले, कारण ज्या प्रोग्रॅमवर लोक विसंबतात त्यात न सांगितलेले काही असू नये. हिशेबाच्या प्रोग्रॅमबाबत मला हे पटते. शोधचौकटीतली गंमत मात्र कोणाच्या आकड्यांना हात लावत नाही, आणि ती नेमका तोच शब्द विचारल्याशिवाय समोरही येत नाही.

या गमतींना इंग्रजीत ‘ईस्टर एग’ म्हणतात, त्यामागची कथा मुलांना फार आवडते. अटारी कंपनी आपल्या खेळांवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची नावे देत नसे. म्हणून वॉरन रॉबिनेट यांनी 1980 साली बाजारात आलेल्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात एक गुप्त खोली बांधली आणि तिच्यात ‘हे वॉरन रॉबिनेट यांनी बनवले’ अशी ओळ लिहून ठेवली. त्या खोलीत जायला पार्श्वभूमीच्याच रंगाचा, एका ठिपक्याएवढा दाणा शोधून उचलावा लागे. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या एका मुलाने तो शोधला आणि कंपनीला पत्र लिहून कळवले. तोपर्यंत रॉबिनेट कंपनी सोडून गेले होते. ईस्टरला घरात दडवलेली अंडी मुले शोधतात, त्यावरून अटारीतल्याच स्टीव्ह राइट यांनी हे नाव दिले. ती खोली कोठे आहे हे त्या मुलाला आधीच कोणी यादीत छापून दिले असते, तर त्याने ते पत्र लिहिले नसते.

यातल्या पुष्कळ गमती टिकतही नाहीत. चित्रांच्या शोधात विटा फोडण्याचा ‘ब्रेकआउट’ 2013 साली आला आणि पुढे काढून टाकला गेला. 2012 साली आलेला, उत्तरे कुरतडणाऱ्या ‘ओ’ अक्षरांचा ‘झर्ग रश’ही आता तेथे नाही. म्हणून छापील याद्या लवकर शिळ्या होतात, मुले शब्द लिहितात, काहीच घडत नाही आणि ती हिरमुसतात. कल्पना समजलेली असेल तर गंमत काढून घेतली तरी चिंचोके हातात राहतात.

माझी आपणास विनंती अशी आहे की आपल्या मुलांच्या पानावर आठवड्याला एकच शब्द द्यावा, तो लिहिल्यावर काय होते ते छापू नये, आणि त्याच्याशेजारी एक प्रश्न द्यावा. उत्तर पुढच्या आठवड्यात, मुलांच्या पत्रांमधून यावे. पहिला शब्द म्हणून ‘वन्स इन अ ब्लू मून’ द्यावा आणि प्रश्न असा : जो आकडा मिळेल त्याने एकाला भागा, आलेल्या सेकंदांची वर्षे करा, आणि घरातल्या पंचांगात तेवढ्याच काळाने काय येते ते आजीला विचारा. 2026 साली ज्येष्ठ अधिक आहे आणि त्याच वर्षी मे महिन्याच्या 1 तारखेला आणि 31 तारखेला, अशा दोन पौर्णिमा आहेत, हे मुलांनी स्वतः शोधून आपल्याला कळवावे. पुढच्या बारा आठवड्यांचे शब्द आणि प्रश्न मी तयार केले आहेत. आपण कळवल्यास विनामोबदला पाठवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका
कराड, जि. सातारा