काल सहा तारीख होती

वाई
रविवार, ७ डिसेंबर २०२५

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोन ठेवलास, त्यानंतर मी बराच वेळ बाहेर ओट्यावर बसून होतो. आई आत भांडी घासत होती. तिने काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. "कुत्र्यांपायी मरायचंय का तुला?" असं मी बोललो. तू एवढी दमलेली, रात्रभर जागलेली, आणि मी हे बोललो. आज सकाळी व्हॉट्सॲपवर विचारलं, निळी खूण आली, उत्तर आलं नाही. ठीक आहे. म्हणून लिहायला बसलो. लिहिताना माझा आवाज चढत नाही.

हे पत्र इंजेक्शनासाठी नाही. तरी एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुढचं नीट सुचेल. २९ नोव्हेंबरला ती कुत्री तुला चावली, त्याच दिवशी रेबीजचं पहिलं इंजेक्शन झालं. दुसरं २ तारखेला झालं. तिसरं काल, ६ तारखेला होतं. चौथं १३ ला, पाचवं २७ ला. कालनिर्णयवर पाचही तारखांना मी पेन्सिलने गोल केलेत. काल रात्री ६ तारखेच्या गोलावर बरोबरची खूण करायची म्हणून पेन्सिल हातात घेऊनच तुला फोन लावला होता, आणि तू म्हणालीस, "उद्या घेते आप्पा, आज वेळच मिळाला नाही."

चौकातल्या औषधाच्या दुकानात विचारून आलो. एखादा दिवस मागेपुढे झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेलं लगेच घ्यायचं आणि पुढची पुरी करायची. हे पत्र उद्या तुझ्या हातात पडेल तोवर घेतलं असशीलच. असशीलच ना?

आता पुढचं.

तू काल पिल्लांचं सांगत होतीस. कॅनॉलच्या कडेला खोक्यात कोणीतरी चार ठेवून गेलं, रक्ताची हगवण, पिल्लांचा तो पार्व्होचा आजार. रात्रभर एकेकाच्या पायाला सलाईन लावून तू बाथरूमच्या दारात बसलीस, आणि सकाळपर्यंत तीन गेली. इतकं मी ऐकलं. पुढचं ऐकलं नाही, कारण मधेच इंजेक्शनाचं विचारलं. आज दिवसभर तेच डोक्यात आहे. आईने मला दोनदा विचारलं, चौथ्याचं काय झालं, आणि मला सांगता आलं नाही.

श्रावणात मी तुझ्याकडे आलो होतो तो दिवस आठवतो का? जेवायला बसणार तेवढ्यात खालून वॉचमनची हाक आली. जिन्याखाली तो तांबडा कुत्रा पडला होता. कानामागे एवढी मोठी जखम, तिच्यात किडे, आणि वास असा की मी नाकाला रुमाल लावला. तू नाही लावलास. मलमपट्टीच्या पट्टीचं मुसकं करून त्याच्या तोंडाला बांधलंस, आपण बैलाला बांधायचो तसंच. जखमेवर फवारा मारलास, थोडं थांबलीस, आणि किडे वर यायला लागले तशी चिमट्याने एकेक काढून वाटीत टाकायला लागलीस. मी बॅटरी धरली होती. माझा हात हलत होता, तुझा नाही. मी साठपर्यंत मोजले, तर म्हणालीस, "मोजू नका आप्पा, उजेड धरा." भीतीने तो माझ्या चपलेवर मुतला. आणि तू त्याला सारखी म्हणत होतीस, "झालं बाळा, झालं, आता एकच राहिला." एक राहिला नव्हता, पन्नास तरी असतील. म्हैस अडली की तुझी आजी हेच म्हणायची, ह्याच आवाजात. तू तिला कितीशी ऐकली होतीस? तू चौथीत असताना ती गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तुझ्याबद्दल इतका अभिमान वाटला की आईला फोन करून सांगावं असं वाटलं, पण रात्रीचे साडेअकरा झाले होते. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी सकाळी मी तुला विचारलं, हातमोजे का घातले नव्हतेस. ते आताही विचारतो. लाळ लागते, नखांच्या कडेला तुला कायम चिरा पडलेल्या असतात. हातमोजे घालत जा.

पुन्हा तिकडेच गेलो.

त्याच मुक्कामात तुझ्याबरोबर चिंचवडला आलो होतो, ते बदामी पिल्लू द्यायला. मला वाटलं होतं, पिल्लू हातात द्यायचं आणि चहा पिऊन निघायचं. तू तर आधी बाल्कनीच्या जाळीत हात घालून बघितलास, गावाला गेलात तर कोण सांभाळणार हे विचारलंस, भाड्याचं घर आहे तर मालकाची परवानगी आहे का ते विचारलंस, सहा महिन्यांनी नसबंदी करून घेऊ असं कागदावर लिहून सही घेतलीस. मग त्यांना समजावलंस की पहिले तीन दिवस ते घाबरून कोपऱ्यात बसेल, तीन आठवड्यांत घराच्या वेळा शिकेल, घर आपलं वाटायला तीन महिने जातील, तोवर घाई करू नका. तुझ्या आत्याचं स्थळ बघायला गेलो होतो तेव्हा आमच्या आजीने त्यांच्या पाण्याच्या रांजणाचं झाकणसुद्धा उचलून बघितलं होतं, ते आठवलं. येताना रिक्षात तू सिंहगड रस्ता येईपर्यंत रडलीस. मी काही बोललो नाही, मला काय बोलावं कळत नव्हतं. आणि तेच पिल्लू दिवाळीत परत आलं, तेव्हा तू एका शब्दानं त्यांना दुखावलं नाहीस. इथं वाईत बसून मीच त्यांना शिव्या देत होतो.

मनू, तुझा पगार किती आणि डॉक्टरांचं बिल किती, हे मी बोलणार नव्हतो. पण मागच्या महिन्यात घरभाड्याला उशीर झाला, हे मला तुझ्या मावशीकडून कळतं. महिन्याला किती खर्चायचे याचा आकडा ठरव आणि त्याच्या पलीकडे जाऊ नकोस. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकटी जाऊ नकोस. खाऊ घालायची जागा त्यांच्याकडून लेखी ठरवून घे आणि तिथंच घाल. २२ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलंय, नेमलेल्या जागीच घालायचं. कोणी फोनवर शूटिंग करत असेल तर उलट बोलू नकोस. रात्री नऊनंतर जाळं घेऊन बाहेर पडायचं नाही. आणि तिशी आली, आता स्वतःचंही

हे वाक्य अर्धंच सोडतो. लग्नाचं काढणार नाही असं आईला कबूल केलंय. माफ कर.

सुप्रीम कोर्टाच्या ७ नोव्हेंबरच्या आदेशानंतर मी आपल्या स्टँडवर जाऊन आलो. शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, इथली कुत्री उचलायची, नसबंदी आणि लस करून निवाऱ्यात ठेवायची, पुन्हा तिथं सोडायची नाहीत, असं कोर्ट म्हणतंय. कंट्रोल रूमच्या मागे लाली अजून आहे. म्हातारी झालीय, मला बघून उठली नाही, नुसती शेपटी हलवली. मी मुक्कामी गाडीवर असायचो तेव्हा गावोगाव एकतरी कुत्रं रात्रभर गाडीखाली झोपायचं. डब्यातली शेवटची चतकोर मी त्याला टाकायचो, आणि पहाटे पाचला ड्रायव्हरच्या आधी ते उठलेलं असायचं. लालीला उचलून पिंजऱ्यात नेतील हे मला बघवणार नाही. पण मनू, ज्या बापाचं लेकरू दवाखान्याच्या दारात चावलं, त्याने कोर्टात धाव घेतली तर त्याला मी चूक म्हणू शकत नाही. तू मला "तुम्हाला मुक्या जनावरांचं काही नाही" म्हणालीस. तसं नाही गं. का नाही, ते आज लिहितो. आजवर तुला सांगितलं नव्हतं.

देवघराच्या भिंतीवर तात्यांचा फोटो आहे, माझ्या थोरल्या चुलत्यांचा मुलगा. तू लहानपणी विचारलंस तेव्हा मी म्हणालो होतो, तापाने गेला. तो तापाने गेला नाही.

१९७४ साली मी दहा वर्षांचा होतो, तात्या चौदाचा. तेव्हा आम्ही मेढ्याकडच्या गावी. नवरात्रात खळ्यात एक पिल्लू सापडलं, काळं, कपाळावर पांढरा टिपका. आम्ही दोघांनी ते गोठ्यात लपवून ठेवलं आणि दूध पाजलं. आठवड्याने ते वेड्यासारखं करायला लागलं, तोंडातून लाळ गळायला लागली, आणि तात्याच्या मनगटाला चावलं. जखम मोहरीएवढी होती. आजीने तिखट आणि चुना दाबून भरला, एकाने दोरा मंतरून बांधला. साबण लावून धुवायचं कोणाला सुचलं नाही. चार दिवसांनी पिल्लू मेलं. जखम भरून आली, सगळे विसरले.

मार्गशीर्षात भाताची मळणी चालू होती. तात्या म्हणाला, मनगटाला मुंग्या येतायत. दुसऱ्या दिवशी ताप आला. वारा लागला की ओरडायचा, दार लावा म्हणायचा. तहान तहान करत होता म्हणून चुलतीने मला पाणी घेऊन पाठवलं. मी तांब्या घेऊन उंबऱ्यात उभा राहिलो, आणि तांब्या बघूनच त्याच्या गळ्याला असा आचका बसला की मी तिथून हललो नाही. तो माझ्याकडे बघत होता. पूर्ण शुद्धीवर होता, मनू. "नको, नेऊ नको, ठेव," असं काहीतरी म्हणाला. जीपमधून साताऱ्याला नेलं. तिसऱ्या दिवशी आणलं ते गुंडाळून.

मग मला आणि त्याच्याजवळ गेलेल्या सगळ्यांना इंजेक्शनं. तेव्हा पोटात देत, चौदा. रोज आईबरोबर एसटीने साताऱ्याला जायचो. बेंबीभोवती गाठी आलेल्या, बसता येत नव्हतं. एका कंडक्टरने मला मांडीवर घेऊन घंटीची दोरी ओढायला दिली होती. पुढे मी त्या खात्यात गेलो तो त्यामुळेच असेल, मला नक्की सांगता येत नाही.

त्या दिवसापासून मी कुत्रं पाळलं नाही. शेवंतीला वाईला ठेवता का असं तू मागच्या महिन्यात विचारलंस. ती काळी, तीन पायांची, तिला कोणी विचारत नाही हे मला माहीत आहे. ती माझ्या पायावर डोकं ठेवून झोपली होती तेही लक्षात आहे. पण मला नाही जमणार. तू "आप्पांना ओझं वाटतं" असं समजलीस, म्हणून हे लिहिलं.

आता तुला चावलेली ती कुत्री. जाळ्यातून निसटली ती अजून दिसलेली नाही. तिच्या कानाला काप नव्हता असं तूच म्हणालीस, म्हणजे नसबंदीला कधी नेलेली नाही, लसही टोचलेली नसणार. ती नजरेसमोर असती, दहा दिवस धडधाकट दिसली असती, तर मी एवढं बोललो नसतो. जखमेत सिरम, म्हणजे लस काम करायला लागेपर्यंत राखणारं औषध, टोचून घेतलंस, पंधरा मिनिटं साबणाने नळाखाली हात धरलास, हे शहाणपण तुझंच, मी शिकवलेलं नाही. मग तिसऱ्यालाच का चुकलीस? आमच्या वेळी आता मिळतं तसं काही नव्हतं. असतं तर तात्या आज पासष्टीचा झाला असता, त्याचीही नातवंडं असती. दंडात पाच टोचण्या. पाच पुऱ्या झाल्या की पुढे कधी चावलं तरी दोनच घ्यावी लागतात, सिरमही लागत नाही. आणि तुझ्याबरोबर जाळं धरणाऱ्या त्या दोन पोरांना सांग, चावायच्या आधीची तीन घेऊन ठेवा. पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. त्यांच्या घरीही कोणीतरी कॅलेंडर बघत असेल.

उद्या सकाळच्या स्वारगेट गाडीत पिशवी पाठवतोय, कंडक्टर आपल्यातलाच आहे, तुला फोन करेल. आईने तिच्या जुन्या लुगड्यांच्या तीन गोधड्या शिवल्यात, पिल्लांसाठी. दुपारभर मशिनवर होती. ज्या बाथरूममध्ये पार्व्होची पिल्लं होती तिथं नवीन पिल्लू ठेवू नकोस, तो विषाणू महिनोन्‌महिने राहतो म्हणून फरशी ब्लीचिंगने धुवायची, हे तूच मला शिकवलंस. गोधड्या तिथं वापरल्यास तर नंतर जाळून टाक, आई दुसऱ्या शिवेल. ती म्हणालीय तसं.

शनिवारी १३ ला मी सहाच्या गाडीने निघतो. दवाखान्यात तुझ्या आधी पोहोचेन आणि बाकावर बसेन. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. इंजेक्शन झालं की मी तसाच परत फिरेन.

चौथ्या पिल्लाचं काय झालं ते मात्र कळव.

तुझा,
आप्पा