फिल्मस्ट्रिप दाखवणाऱ्या आमच्या भूगोलाच्या सरांना

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर टाकता आलं असतं. पण आता आमच्याकडं शाळाशाळांत लोकवर्गणीतून टीव्ही आलेत. पुस्तकातल्या क्यूआर कोडवर मोबाईल धरला की दीक्षा ॲपवरचा व्हिडिओ सुरू होतो आणि तो सुरू झाला की मास्तर पोषण आहाराची माहिती भरायला मोकळे. म्हणून म्हटलं, तुमचे आभार चार शिक्षकांच्या देखतच मानावेत.

आमच्या वेळी शाळेत होतं ते फिल्मस्ट्रिपचं यंत्र, तेही कपाटात कुलूपबंद. बल्ब उडाला तर नवा कुठून आणायचा, ही भीती. तुम्ही ते बाहेर काढलंत, खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या आणि चुना दिलेल्या भिंतीचा पडदा केला. फिल्म सिनेमासारखीच, 35 मिलिमीटरची. पण चित्र जागचं हलायचं नाही. बाजूची मूठ फिरवली की पुढचं चित्र. लाईट गेली की सतरंज्या काढायच्या आणि तोच धडा पुस्तकातून पुढं.

एकदा यंत्रात फिल्मची पट्टी घालायला तुम्ही आमच्यातल्याच एकाला बोलावलंत. त्यानं बिचाऱ्यानं सरळ घातली. भिंतीवर नारळाची झाडं शेंडे खाली करून उभी! वर्ग हसून लोटपोट. तुम्ही यंत्राला हात लावला नाहीत. "विज्ञानाचं पुस्तक काढा," म्हणालात. बहिर्गोल भिंग, वास्तव प्रतिमा, उलटी. "मग आता काय करायचं?" मागून एक मुलगी म्हणाली, "उलटी घाला सर, म्हंजे सुलटं दिसंल." त्यानं पट्टी पालथी केली. झाडं सरळ झाली, पण खालची अक्षरं आरशात दिसावीत तशी उमटली. पालथी घालायची नाही, आहे त्याच बाजूनं अर्धी फिरवायची, हे कळेपर्यंत तास संपला. भूगोलाचा तास होता तो! मुख्याध्यापकांना तुम्ही काय सांगितलंत, देव जाणे.

नारळाची ती पट्टी भरती-ओहोटीची होती. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्राचा किनारा नाही. आमचा समुद्र म्हणजे पावसाळ्यात भरलेला पाझर तलाव. एकाच धक्क्याची दोन चित्रं होती: एकात होड्या पाण्यावर, दुसऱ्यात चिखलात कलंडलेल्या. दुसऱ्या चित्रावर तुम्ही थांबलात. "पाणी गेलं कुठं?" कुणी म्हणालं आटलं, कुणी म्हणालं मोटार लावून उपसलं. टँकरनं नेलं असंही एक उत्तर आलं. तुम्ही एकालाही चूक म्हटलं नाहीत; सगळी उत्तरं फळ्यावर लिहिलीत आणि मग धडा वाचायला लावलात. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटं. ही वरची 25 मिनिटं आली कुठून? त्यासाठी आठवडाभर रात्री माळवदावर जाऊन चंद्र किती वाजता उगवतो ते लिहून आणायला सांगितलंत. रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर. भरत्या दिवसाला दोन, म्हणून पन्नासचे निम्मे पंचवीस, हे आमचं आम्हीच काढलं. समुद्र न बघता.

माहिती खात्याची गाडी एकदा गावात आली होती. तिच्यावर हलणारा, बोलणारा माहितीपट. लोकांना काय, पिक्चर हवा होता. तुम्ही मात्र ऑपरेटरची मनधरणी करून तेच रीळ पुन्हा लावून घेतलंत, आवाज बंद करून, आणि आम्हाला म्हणालात, "आता तुम्ही सांगा."

पण सगळ्यात जास्त आभार भूकंपाच्या पट्टीबद्दल. किल्लारीला जेमतेम वर्ष होत होतं. 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट वर्गातल्या कुणालाच नवी नव्हती, आणि काही मुलं अजून पत्र्याच्या शेडातून शाळेत येत होती. भूकवचाचे थर आले, भूकंपमापक यंत्र आलं, आणि मग तुमची मूठ एकदम भराभर फिरली. भिंतीवर नुसती झरझर. त्यात पडलेल्या घरांचे फोटो होते, हे मला पुढं शिक्षक झाल्यावर तुमच्याकडूनच कळलं. शेवटी जगाचा नकाशा होता, भूकंपाचे पट्टे दाखवणारा. त्यात दख्खनचं पठार कोरं. तुम्ही भिंतीवरच, आपल्या जागी, निळ्या खडूनं फुली मारलीत. तेव्हाच्या भूकंपप्रवण नकाशात आपला भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. तिसऱ्या विभागात तो गेला 2002 मध्ये. तुमची फुली त्याच्या कितीतरी आधीची.

आता माझ्या वर्गात व्हिडिओ दोन मिनिटांच्या वर सलग चालत नाही. सोबतचे म्हणतात, "अहो, पूर्ण लावा की, लेकरं गप बसतात." गप बसतात हे खरंच, माझी अडचण तीच आहे. रक्ताभिसरण, चंद्राच्या कला, बियाणं उगवणं हे पुस्तकातल्या चित्रात हलत नाही, तिथं व्हिडिओला पर्याय नाही. पण सोयाबीनची पेरणी पडद्यावर कशाला? बांधावर जाऊन येतो आम्ही. आणि नवीन काही दाखवायचं असलं की आदल्या रात्री मी ते शेवटपर्यंत बघून घेतो. तुम्हीही पट्टी घरी कंदिलापुढं धरून बघत असणार.

पुढच्या महिन्यात सातवीला भरती-ओहोटीचा धडा घ्यायचा आहे. शनिवारी सकाळची शाळा असते, जमलं तर याच. यंत्राची काळजी नको, टीव्हीवर भागवू, आवाज मी बंद ठेवतो. फाट्यावर मोटारसायकल घेऊन थांबतो. गुडघे दुखत असतील तर तसं कळवा, रिक्षा सांगून ठेवतो.

काकूंना नमस्कार.

आपला विद्यार्थी