तात्याला आमच्या घरी धाडणाऱ्या काकांना

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही अशी तुमची सक्त ताकीद आहे, म्हणून नुसतं काका. "उगाच माणसं दारात गर्दी करतील आणि पाखरं बिथरतील," असं तुम्ही म्हणालात, ते पटलं. हे पत्र तुमची सूनबाई मोबाइलवर वाचून दाखवेल याची खात्री आहे. तिला एकच सांगणं, मधे तुम्ही "पुरे, पुरे" म्हणालात तरी थांबायचं नाही.

काल संध्याकाळी आमच्या जुन्या पक्ष्याने, बबड्याने, तुमच्याकडून आणलेल्या तात्यापुढे मान खाली घातली. तुरा पाडून, चोच छातीला टेकवून, "खाजव" म्हणताना घालतो तशी. आजवर ही मान फक्त माझ्या लेकापुढे आणि कधीमधी माझ्यापुढे खाली जायची. तात्याने आधी लक्षच दिलं नाही. दोन दाणे फोडले, शेपूट झटकली, मग दांडीवरून सावकाश सरकत आला आणि बबड्याच्या डोक्यावरची नवी पिसं चोचीने मोकळी करायला लागला. तुम्हीच सांगितलं होतं, नवं पीस उगवतं तेव्हा त्याभोवती पांढरी नळी असते, अंगावरची नळी पक्षी स्वतः फोडतो, पण डोक्यापर्यंत त्याची चोच पोचत नाही. तिथे दुसरं कुणीतरी लागतं. इतकी वर्षं ते काम आम्ही बोटांच्या नखांनी करत होतो. काल ते पहिल्यांदा चोचीने झालं. बबड्या डोळे मिटून उभा होता आणि माझी तव्यावरची पोळी करपत होती.

हे पत्र इतरही कुणी वाचेल, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. बबड्या आमच्याकडे 2020 मध्ये आला. राखाडी कॉकटील, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट, पिवळं तोंड, गालावर नारिंगी ठिपका. तेव्हा सगळे घरात, त्यामुळे दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर. पुढे लेक शिकायला बाहेरगावी गेला, माझं ऑफिस पुन्हा सुरू झालं आणि हा एकटा पडला. कॉकटील मूळचा ऑस्ट्रेलियाच्या मोकळ्या माळरानातला, थव्याने राहणारा. आपलं कुणी दिसेनासं झालं की हाक मारायची, उत्तर येईपर्यंत मारत राहायची, हे त्याच्या रक्तातच आहे. बबड्या सकाळी कुलूप लागल्यापासून हाक मारायचा आणि उत्तर द्यायला घरात कुणीच नसायचं. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी फार सभ्य शब्दांत चिठ्ठी पाठवली. मग त्याने छातीवरची पिसं उपटायला सुरुवात केली आणि माझा धीर सुटला.

दुसरा पक्षी आणायचा असं ठरलं. मग सुरू झाली दुकानांची वारी. काका, तुम्हाला हे सगळं कधी सविस्तर सांगितलं नाही, आज सांगते.

एकाने सन कन्यूर नावाचा परदेशी पोपट समोर धरला. रंग असा की डोळे दिपावेत. "घरात एकदम रौनक येईल, मॅडम." त्याची किंकाळी दुकानाबाहेर आल्यावरही कानात घुमत होती. खालच्या मजल्यावरचे आजोबा डोळ्यांपुढे आले. आणि ती जाडजूड चोच आमच्या शे-सव्वाशे ग्रॅमदेखील न भरणाऱ्या बबड्याच्या पायाच्या बोटांवर पडली तर काय, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. दुसऱ्याने आफ्रिकन लव्हबर्ड सुचवले, "लहान आहेत, काही करत नाहीत." लहान आहेत खरे, पण भांडायला उठले की समोरचा मोठा आहे हे बघत नाहीत. तिसरा म्हणाला, "मादी टाका, आठवड्यात गार पडेल." मादी आली की अंडी येणार, पुन्हा पुन्हा अंडी घालून तिच्या अंगातलं कॅल्शियम संपणार, कधी अंडं अडलं तर जिवावर बेतणार, यातलं एक अक्षर तो बोलला नाही. चौथ्याने तर कमाल केली. इकडे तिकडे बघून काउंटरखालून पुठ्ठ्याचा खोका काढला. आत पिसंही धड न फुटलेली देशी पोपटाची पिल्लं, एकमेकांवर पडलेली. 1972 च्या वन्यजीव कायद्याने आपला साधा हिरवा पोपट पकडणं, विकणं, पाळणं सगळंच गुन्हा आहे. त्याला हे ठाऊक होतं, म्हणून तर खोका काउंटरखाली होता.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी. "तुमचा पहिला पक्षी कसा आहे?" हे एकानेही विचारलं नाही. रंग विचारला, बजेट विचारलं, पिंजरा हवाय का तेही विचारलं.

शेवटी पाखरं वाढवणाऱ्या तुम्हाला फोन केला. तुम्ही मात्र पहिलाच प्रश्न तो विचारलात. मी म्हटलं, गोड आहे. तुम्ही म्हणालात, "गोड सगळेच असतात ताई. कुकरची शिट्टी झाली की काय करतो?" मग व्हिडिओ मागवलेत. एक कुकरच्या वेळचा, एक मी घरी येते तेव्हाचा. सासवडच्या बाजूला तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही ते चष्मा लावून पुन्हा पाहत होतात. "भित्रा आहे, पण आगाऊ नाही. रात्री फडफडतो ना?" मी चाट पडले. तुम्ही त्याच्या मोडक्या शेपटाकडे बोट दाखवलंत. रात्री अंधारात दचकून पिंजऱ्यात आपटणारे कॉकटील असेच शेपट मोडून घेतात म्हणे. तेव्हापासून आमच्याकडे रात्री छोटा दिवा असतो.

आणि एवढं करून त्या दिवशी तुम्ही मला पक्षी दिलाच नाहीत! वर सुनावलंत, "पहिल्याला औषध म्हणून दुसरं पाखरू नेणार असाल, तर नेऊ नका. दोघांचं नाहीच पटलं, तर दोन पिंजरे आणि दोघांना वेगवेगळा वेळ, पुढची 15-20 वर्षं. घरी जाऊन विचार करा." गाडीत बसताना ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार त्यांनी पहिल्यांदा पाहिला होता.

दुसऱ्या खेपेला माझं मन कशावर बसलं ते तुम्हाला आठवत असेल. ते पांढरं-पिवळं पिल्लू, पिंजरा उघडताच बाहीवरून खांद्यावर चढलेलं. मी खिशात हात घालायच्या बेतात होते. तुम्ही ते अलगद उचलून परत ठेवलंत. "हा बिनसुईच्या सिरिंजने भरवलेला. माणसांत वाढलाय, ह्याला पाखराची रीत ठाऊक नाही. तुमच्या बबड्यालाही नाही. दोन मुके शेजारी बसवून गप्पा होतात का?"

मग तुम्ही आम्हाला मोठ्या जाळीपुढे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलंत. दाण्याचं ताट आत सरकवलंत आणि म्हणालात, आता पक्ष्यांकडे बघू नका, त्यांच्या भांडणाकडे बघा. कुणी पंख पसरून ताट अडवलं, कुणी चोच उघडून फिस्स केलं, एक बिचारा कोपऱ्यातच बसून राहिला. आणि एक राखाडी नर, आईबापांनी भरवलेला, पहिल्यापासून थव्यात वाढलेला, कडेने आला. शेजाऱ्याने टोचा मारला तर अर्धं पाऊल मागे सरला, पळाला नाही, उलट टोचाही मारला नाही. गर्दी ओसरल्यावर शांतपणे पोटभर जेवला. "हा," तुम्ही म्हणालात. "नराला नर चालतो, अंड्यांची भानगड नाही. पण तुमच्या हातावर हा लवकर येणार नाही. कदाचित येणारच नाही. चालेल? पाखरू तुम्हाला हवंय का त्याला?"

यावर मी काय बोलणार होते?

आता ज्याच्यासाठी खरं हे पत्र, ते सांगते. पैसे दिले, काकूंचा चहा झाला, पक्षी प्रवासाच्या पेटीत गेला. आम्ही निघणार तेवढ्यात तुम्ही "थांबा जरा" म्हणालात आणि करवत घेऊन जाळीत शिरलात. पेरूच्या फांदीची एक जुनी दांडी होती, मधे गाठ आलेली, एका बाजूला साल कुरतडून पांढरी पडलेली. दोन्ही बाजूंनी कापून तुम्ही ती काढलीत, वर्तमानपत्रात गुंडाळलीत आणि माझ्या हातात दिलीत. तिच्यावर विष्ठा वाळलेली होती, एक बारीक करडं पीस चिकटलेलं होतं. "धुऊ नका इतक्यात," तुम्ही म्हणालात. "रोज रात्री हा हिच्यावरच झोपतो, गाठीच्या डाव्या अंगाला. तिथे सगळं नवं असेल त्याला, पायाखाली तरी ओळखीचं असू दे."

काका, मी पिंजऱ्यासाठी दुकानातून गुळगुळीत गोल दांड्या आणल्या होत्या, महागातल्या. तात्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पेटीतून निघाला तो थेट पेरूच्या दांडीवर, गाठीच्या डाव्या अंगाला. एक पाय पोटाशी घेतला आणि थोड्या वेळाने चोच चोचीवर घासल्याचा तो कुरकुर आवाज आला. झोपेआधी निवांत झालेला पक्षी असा आवाज करतो हे मला बबड्यामुळे माहीत होतं. परक्या घरी, पहिल्या रात्री. मी ह्यांना हाक मारून दाखवलं. हे काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी खालच्या माळीमामांकडे पेरूचं झाड छाटाल तेव्हा सांगा म्हणून निरोप ठेवून आले.

पुढचं सगळं तुम्ही सांगितलंत तसंच केलं. वेगळी खोली, पक्ष्यांच्या डॉक्टरांकडची तपासणी, मग लांबलांब पिंजरे, मग जवळ; ते इथे उगाळत बसत नाही. एकच सांगते. दोघांनी एकमेकांना पाहिलंही नव्हतं तेव्हाची गोष्ट. मी ऑफिसला निघाले, बबड्याने नेहमीसारखी हाक दिली आणि बंद दाराआडून उत्तर आलं. एकच शीळ, खालच्या पट्टीत. बबड्याचा तुरा ताठ उभा राहिला. मी चप्पल घालून जिन्यात उभी राहिले, ऐकत. हाक, उत्तर. हाक, उत्तर. मग चक्क शांतता. खालच्या आजोबांनी नंतर विचारलं, "पक्षी दिलात का कुणाला?"

हल्ली कुणी आपल्याला काही विकलं नाही तर आपल्यालाच चुकल्यासारखं वाटतं, इतकी सवय झालीय. पण अशी माणसं आहेत अजून. आमची भाजीवाली मावशी मेथी हातातून काढून घेते, "आजची नको नेऊस, पावसात भिजलीय." कोपऱ्यावरचा औषधवाला "ही गोळी मनाने नका घेऊ" म्हणून आल्या गिऱ्हाइकाला परत धाडतो. कुणी त्यांचा सत्कार करत नाही, आणि केलाच तर ती लाजून पळतील. तुमच्यासारखीच. तुम्हाला त्या दिवशी रंगीत पिल्लू दुप्पट किमतीला खपवता आलं असतं, मी हसत हसत नेलं असतं आणि वर आभारही मानले असते.

बाकी इकडचं क्षेम. दोघांचे पिंजरे रात्री अजून वेगळेच आहेत, तुमचा हुकूम मोडलेला नाही. तात्या माझ्या हातावर येत नाही, हातातलं कोथिंबिरीचं पान मात्र मान लांब करून ओढून नेतो. बबड्याच्या छातीवर पुन्हा पिसं धरलीत. लेक दिवाळीत येईल तेव्हा सगळेच तुमच्याकडे येऊ. कोकणातून आणलेला समुद्रफेस भिजवून, उन्हात खडखडीत वाळवून ठेवलाय, तो तुमच्या जाळीतल्या पाखरांना चोचीने खरवडायला. तुम्ही वापरायला दिलेला वजनकाटा तेवढा अजून थोडे दिवस राहू दे. तात्याने शंभर ग्रॅम गाठलेत, आणि माझा दाट संशय आहे की तो बबड्याच्या वाटचं राळंही खातोय.

काकूंना नमस्कार.

आपली,
बबड्या-तात्याची आई