बोनेअरला जाण्यापूर्वी

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा “आता हे काय नवीन?” एवढेच म्हणून आईने फोन बाबांकडे दिला, म्हणून सविस्तर लिहिते. फेब्रुवारीत आम्ही चौघी स्कूबा डायव्हिंगसाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहायला, बोनेअरला जात आहोत. हे कॅरिबियन बेट व्हेनेझुएलाच्या उत्तरेस असले तरी 2010 पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे. त्यामुळे माझ्या इथल्या, म्हणजे नेदरलँड्सच्या, रहिवासी परवान्यावर वेगळा व्हिसा लागत नाही. चलन मात्र अमेरिकन डॉलर, ते का हे बाबांनी मला विचारू नये. ॲमस्टरडॅमहून थेट विमान आहे. चक्रीवादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर असतो आणि त्यांची नेहमीची वाट या बेटाच्या बरीच उत्तरेकडून जाते.

तारकर्लीला प्रशिक्षकाने माझी टाकी धरून ठेवली होती तेव्हाही आई किनाऱ्यावर जप करत होती, हे मी विसरलेले नाही. आता माझ्याकडे 18 मीटर खोलवर उतरण्याचे प्रमाणपत्र आहे आणि पाण्यात आम्ही जोडीनेच उतरतो. 1984 साली बुडालेले ‘हिल्मा हूकर’ हे तिथले प्रसिद्ध जहाज सुमारे 30 मीटरवर पडले आहे, म्हणून मी तिकडे जाणार नाही. पुष्कळ डाइव्ह झाल्यावर किमान 18 तास विमानात बसू नये, नाहीतर शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. म्हणून शेवटचा डाइव्ह शुक्रवारी दुपारी आणि विमान शनिवारी रात्री ठेवले आहे. त्या बुडबुड्यांच्या त्रासावर उपचार करणारा दाबकक्ष बेटावरच आहे आणि विम्यात त्याचा खर्च धरलेला आहे.

आता बाबांना न पटणारी गोष्ट. तिथे बोटीची गरज नसते. भाड्याच्या पिकअपमध्ये टाक्या टाकायच्या, रस्त्याकडेला पिवळ्या दगडावर जागेचे नाव दिसले की थांबायचे आणि तिथूनच पाण्यात चालत जायचे. पण गाडीला कुलूप लावायचे नाही! काचा खाली, दारे उघडी आणि आत काहीही नाही, अशी गाडी सोडायची, कारण बंद गाडीत काहीतरी असणारच असे समजून चोर काच फोडतो, आणि उघड्या गाडीत डोकावून रिकाम्या हाताने निघून जातो. पासपोर्ट व पैसे खोलीवर राहतात, फक्त किल्ली आपल्याबरोबर पाण्यात येते. रात्री दोनदा उठून कडी पाहणाऱ्या घरातली मी, मला हे जमेल की नाही ते पाहायचे.

खर्चाचे म्हणाल तर खोली आणि गाडी चौघींत वाटून घेतली आहे. सागरी उद्यानाचे 40 डॉलर तेवढे प्रत्येकीला भरावे लागतात. दिवाळीत तिकिटे महाग होती हे खरेच होते, आणि हे पैसे मी त्यानंतर महिन्या-महिन्याला बाजूला टाकले. गच्चीच्या गळतीसाठी आणि धाकट्याच्या फीसाठी या महिन्याची रक्कम नेहमीपेक्षा जास्त पाठवली आहे, मिळाल्याचे कळवावे. आत्याने सुचवलेल्या कोल्हापूरच्या स्थळाची माहिती मी वाचली. परत आल्यावर त्या मंडळींशी बोलेन. नाही म्हटलेले नाही, तेव्हा आईने आत्याला तसे सांगू नये. मात्र डायव्हिंगचे आधीच सांगून टाकावे, म्हणजे पुढे बोलणी अडायला नकोत. तिथल्या सकाळी नऊ वाजता, म्हणजे तुमच्या संध्याकाळी साडेसहाला, रोज पाण्यात जाण्यापूर्वी मी फोन करेन.

तुमची,
मनू