लोहारकाकांना, आईच्या सुरीबद्दल

काका, तुमच्यासमोर उभं राहून थँक्यू म्हटलं असतं तर तुम्ही हात झटकून 'बस रे, च्या घे' म्हणाला असता, म्हणून लिहूनच टाकतोय. तुमचा मुलगा वाचून दाखवेल.

आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून तिला आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसवत नाही. आयुष्यभर बांगडे, इसवण, भाजी सगळं खाली बसून आदोळीवर, आणि आता ओट्यापाशी उभं राहून बाजारातल्या सुरीने कापायचं म्हणजे दहा मिनिटांत तिचा हात भरून यायचा. म्हटलं तिच्यासाठी सुरी आपणच करायची. तुमच्याकडे आलो तेव्हा खिशात ड्रॉईंग होतं, दहा इंचाचं पातं, टोकाला झोकदार वळण, आणि मूठ म्हणजे नुसत्या दोन रेषा. तुम्ही ते बघून एवढंच विचारलंत, "कितें कापपाचें आसा तुका?" मी म्हटलं मासे, भाजी, आईसाठी पाहिजे. तर तुम्ही कागद उलटा करून माझ्या हातात दिलात, म्हणालात मग आधी आईचा हात घेऊन ये.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर आईचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. इतक्या वर्षांत तिचा हात एवढ्या जवळून कधी बघितलाच नव्हता, अंगठ्याच्या बाजूला आदोळीचे जुने व्रण, आणि तळवा माझ्यापेक्षा केवढा लहान!

मग तुम्ही पुठ्ठ्याची सुरी कापायला लावलीत, मग फळीच्या तुकड्याची. ती लाकडी सुरी आईने साबणाच्या ओल्या हाताने धरून बघितली तेव्हा कळलं की गोल मूठ हातात फिरते, अंडाकृती पाहिजे, म्हणजे न बघताही धार कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळतं. आणि कापायच्या पाटावर टेकवली तर तिची बोटं पाटाला आपटत होती. मुठीजवळ पात्याची उंची कमी पडत होती, ती वाढवून चार सेंटीमीटर केली. दहा इंचांचे सहा झाले. हे सगळं लोखंडाला हात लावायच्या आधी.

ट्रकच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, पाटा तुम्हीच दिलात, ठोकून पातळ करायला हात दिलात, पाठ मुठीजवळ तीन मिलिमीटर आणि टोकाकडे निमुळती. पण पहिलं पातं मी वाया घालवलं. पातं संपून मुठीचा भाग सुरू होतो तिथला कोपरा मी काटकोनात कापला होता, आणि घाई करून घरीच तापवून बादलीतल्या पाण्यात बुडवलं. टिंग असा बारीक आवाज आला, बाहेर काढलं तर त्याच कोपऱ्यातून केसाएवढी चीर. तुमच्याकडे आणायला लाज वाटत होती काका. तुम्ही रागावला नाहीत, चीर नखाने चाचपलीत आणि म्हणालात, कोपरा टोकदार ठेवला की सगळा ताण तिथेच जमतो, आणि कमानीच्या लोखंडाला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून एकदम थंड करायचं, ते तेलात. मग दुसऱ्या पात्याचा कोपरा गोल कानशीने गोल करून घेतलात, रिव्हेटची भोकं आधीच पाडून घेतलीत कारण कडक झाल्यावर ड्रिल चालत नाही, आणि धार नखाएवढी जाड ठेवायला सांगितलीत, फार पातळ केली तर भट्टीत वाकते.

शटर अर्धं ओढून अंधार केलात तो क्षण विसरणार नाही. उन्हात रंग नीट दिसत नाही म्हणालात. भाता चालू, पातं लाल होत होत मधेच एका क्षणी लोहचुंबक चिकटेनासा झाला, म्हणजे ७७० डिग्रीच्या आसपास, तरी तुम्ही थांबलात, अजून थोडा उजळ रंग येऊ दिलात, तो टोकापासून मुठीपर्यंत सारखा झाल्यावरच कोमट तेलात सरळ खाली. चुंबक मला कळला, तो वरचा रंग फक्त तुमच्या डोळ्यांना कळतो. नंतर घरच्या ओव्हनमध्ये २०० डिग्रीला दोन-दोन तास दोनदा ठेवलं, नाहीतर काचेसारखं ठिसूळ राहिलं असतं, आणि घासलेल्या भागावर वाळक्या गवताचा पिवळा रंग चढला अगदी तुम्ही सांगितला तसा.

मूठ आमच्या जुन्या घराच्या दाराच्या फणसाच्या चौकटीची, पितळेच्या तीन रिव्हेट. आईचा अंगठा जिथे टेकतो तिथे थोडा खोलगट घासलाय, तो कागद समोर ठेवूनच.

काल तिने अर्धा डझन बांगडे एका दमात साफ केले. मधे एकदाही हात झटकला नाही. सोलांच्या आंबटाने पातं काळपट पडलं म्हणून मी घाबरलो तर तीच म्हणाली, आदोळी पण अशीच काळी पडायची, पुसून खोबरेल लावून ठेव. पावसात मी तेच करणारे.

कोळशाचे सोडून तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, आणि सलग चार रविवार माझ्यासाठी भट्टी लावलीत. खरंच खूप खूप आभार काका.

आता मावशीला पण सुरी हवीय, ती डावखुरी आहे. रविवारी येतो, तिच्या हाताचा कागद काढून ठेवलाय.